धाकाने साथ आवरत नाही

सप्टेंबर 1896मध्ये मुंबईच्या मांडवी भागात पसरलेला गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे, हे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्याने सरकारला प्रवाशांची तपासणी करण्याचे, संशयितांना वेगळे ठेवण्याचे आणि आदेश मोडणाऱ्याला शिक्षा करण्याचे अधिकार दिले. अंमलबजावणी करणाऱ्यांना कोर्टकचेरीपासून संरक्षणही दिले. ज्याच्या घरात शिपाई शिरणार, त्याने दाद कुठे मागायची, याबद्दल मात्र कायद्यात एक ओळही नव्हती. ही उणीव केवळ न्यायाची नव्हती. साथ आवरण्यासाठी सरकारला सर्वांत आधी कोण आजारी आहे हे कळावे लागते, आणि ही माहिती लोकांनी विश्वासाने दिली तरच मिळते.

पुण्यात नेमके हेच नाते तुटले. वॉल्टर रँड यांच्या प्लेग समितीने घरांच्या झडतीसाठी गोरे सोजीर उतरवले. रुग्ण इस्पितळात, घरची माणसे विलगीकरण छावणीत आणि सामानसुमान जाळपोळीत, अशी कुटुंबांची दशा झाली. बायकांच्या अंगाला परक्या पुरुषांनी हात लावला, देवघरात बूट शिरले, अशा तक्रारी गावभर झाल्या. परिणामी लोक गाठ आलेला माणूस माळ्यावर लपवू लागले, मृत्यू दडवू लागले, शहर सोडून पळू लागले. म्हणजे रोग शोधण्यासाठी घेतलेल्या झडतीनेच रोग दृष्टीआड केला. 22 जून 1897च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्याआधीच ही व्यवस्था विश्वास गमावून बसली होती.

यावर असे म्हटले जाते की त्या वेळी प्लेग पसरवणारी उंदरांवरची पिसू कोणाला ठाऊकच नव्हती. ते खरे आहे. पॉल-लुई सिमाँ यांनी तो दुवा 1898मध्ये मांडला आणि तो मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. पण ज्ञान अपुरे असेल, तर जरब वाढवण्याऐवजी ऐकून घेण्याची गरज वाढते. उंदीर मरू लागले की गाव सोडून बाहेर राहायचे, ही गढवाल-कुमाऊँमधल्या डोंगरी लोकांची रीत एकोणिसाव्या शतकात नोंदली गेली होती. माळावरच्या झोपड्यांत राहायला गेल्याने धोका घटायचा, तो उंदीर आणि त्यांच्यावरच्या पिसवा मागे राहत म्हणूनच.

दुसरा आक्षेप असा, की जातीची बंधने, पडदा आणि इस्पितळाची भीती असताना लोकांच्या संमतीची वाट पाहणे परवडणारे नव्हते. भीती खरीच होती. ऑक्टोबर 1896मध्ये गिरणी कामगारांनी मुंबईच्या आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला होता. मार्च 1898मध्ये मुंबईतच प्लेगच्या सक्तीविरुद्ध दंगल झाली, त्यानंतर मात्र सरकारलाच पवित्रा बदलावा लागला. वेगवेगळ्या समाजांची इस्पितळे वाढली आणि सक्तीची धार कमी झाली. प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली होती. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी प्लेगनेच गेल्या. विश्वास मिळवण्याचे मार्ग त्याच वर्षी, त्याच प्रांतात हाताशी होते.

प्लेग नरमाईनेही लगेच गेला नाही. तो पुढे कैक वर्षे रेंगाळला. तरी साथीच्या काळात सरकारला अधिकार लागतात, हे मान्य करूनही एक गोष्ट मागितलीच पाहिजे: अधिकाराबरोबर उत्तरदायित्व. 1897चाच कायदा 2020मध्ये पुन्हा हाती घेतला गेला, तेव्हा त्यात नागरिकाच्या बाजूची ती ओळ अजूनही नव्हती. ती लिहिणे हे लस बनवण्याइतकेच साथनियंत्रणाचे काम आहे.