शुश्रूषेचे मोल

घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले, म्हणजे त्याचे सारे करणारे कोणीतरी असावेच लागते. या कामाचे पैसे सार्वजनिक निधीतून द्यायचे ठरले, तर ते घरच्या माणसाला द्यावेत की बाहेरून येणाऱ्या सेविकेला? विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन राष्ट्रांनी या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे दिली.

पहिले राष्ट्र जर्मनी. बिस्मार्कने १८८३ सालीच आजारपणाचा विमा आणला होता. परंतु वार्धक्यातील दीर्घ परिचर्येचा भार त्यात नव्हता. अनेक वृद्धांना अखेरीस गरिबांसाठी असलेल्या सरकारी मदतीपुढे हात पसरावा लागे. १९९४ साली परिचर्या विम्याचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९९५ पासून घरपोच लाभ मिळू लागले. बाहेरची सेवा घ्यावी, नाही तर रोख रक्कम घेऊन मुलीकडून, सुनेकडून करून घ्यावे, अशी मुभा होती. मात्र दोहोंचे मोल सारखे नव्हते. खालच्या श्रेणीत सेवेसाठी महिना ७५० मार्कांपर्यंत, रोख मात्र ४००. वरच्या श्रेणीत २८०० आणि १३००. म्हणजे तेच काम घरच्या हातांनी केले की त्याची किंमत निम्म्यावर येई! तरीही बहुसंख्यांनी रोखच पत्करली. घरी शुश्रूषा करणाऱ्यांच्या नावे निवृत्तिवेतनाची वर्गणी भरण्याची तरतूदही कायद्याने केली, हेही सांगितले पाहिजे.

जपानचा कायदा १९९७ सालचा. अंमल १ एप्रिल २००० पासून. सासूसासऱ्यांचे करणे हा तेथेही सुनेचा धर्मच समजला जाई. म्हणूनच रोख रकमेची सूचना पुढे येताच हिगुची केइको आदी कार्यकर्त्या स्त्रियांनी तिला विरोध केला. पैसे घरात येतील, सून मात्र अधिकच जखडली जाईल, असे त्यांचे म्हणणे. ते मान्य झाले आणि विम्यातून केवळ सेवा देण्याचे ठरले. १९९९ साली काही पुढाऱ्यांनी कुटुंबसेवेच्या थोर परंपरेचा हवाला देऊन पुन्हा रोख मदतीचा आग्रह धरला. त्यातून निघाले ते एवढेच, की अल्प उत्पन्नाच्या आणि विम्याची सेवा न घेणाऱ्या काही कुटुंबांना वर्षाला १ लाख येनपर्यंत साहाय्य.

जर्मनीने घरच्या स्त्रीचे श्रम मोजले, पण कमी मोजले. जपानने तिला सुटकेची वाट दिली. परंतु जी स्वखुशीने करीतच राहिली, तिचे श्रम हिशेबाबाहेरच राहिले. या दोन उत्तरांतून एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घरच्या माणसाला मोबदला देणे वाईट नाही. पण नको म्हणण्याची सोय असेल, बाहेरची सेविका खरोखर दारात येऊ शकत असेल, तरच तो मोबदला ठरतो. एरव्ही ती केवळ समजूत घालण्यासाठी हातावर ठेवलेली रक्कम होय. आपल्या घरांतही रात्री-अपरात्री उठणारे कोणीतरी असतेच. त्या व्यक्तीला हा प्रश्न आपण कधी विचारला आहे काय?