टेराहर्ट्‌झ त्वचामापन
टेराहर्ट्‌झ त्वचामापन : टेराहर्ट्‌झ तरंगांच्या परावर्तनावरून त्वचेतील पाण्याचे प्रमाण व थरांची जाडी, त्वचा न छेदता, अजमावण्याची पद्धत. सूक्ष्मतरंग व अवरक्त किरण यांच्या दरम्यानच्या या तरंगांची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) सामान्यतः ०·१ ते १० टेराहर्ट्‌झ असते.

बर्लिन येथे हाइन्रिख रूबेन्स यांनी केलेली दीर्घ अवरक्त तरंगांची मापने १९०० मध्ये माक्स प्लांक यांच्या पुंज सिद्धांताला उपकारक ठरली. तथापि सोयीस्कर उद्‌गम व अभिज्ञातक यांच्या अभावी हा पट्टा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. १९८० नंतरच्या दशकात लेसरच्या अत्यल्पकालीन स्पंदांमुळे ही उणीव भरून निघू लागली. १९९५ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमधील बी. बी. हू व एम. सी. नस यांनी झाडाच्या ताज्या व ४८ तास सुकलेल्या पानाच्या प्रतिमा घेतल्या. त्यांत पाण्याची घट स्पष्ट दिसली. २००२ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी त्वचेच्या नमुन्यांतील कर्करोगग्रस्त व निरोगी भागांत भेद दाखविला. पुढे जिवंत त्वचेवरही मापने झाली.

पाणी हे तरंग तीव्रतेने शोषते, म्हणून ते त्वचेत मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे पोहोचत नाहीत. मात्र त्यामुळेच पाण्यातील अल्प फरकही परावर्तनात उमटतो. हे तरंग क्ष-किरणांप्रमाणे आयनीकारक नसतात. उपकरणाच्या खिडकीवर त्वचा टेकवून ठेवल्यास तेथे पाणी साचून मापन बदलते. त्यामुळे दाब व वेळ यांचे नियंत्रण आवश्यक असते. जीवोतक परीक्षेची (ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीची) जागा ही पद्धत घेऊ शकलेली नाही. तिचा उपयोग मुख्यत्वे संशोधनात होतो.