हद्द, नक्षी आणि ओझरची तिरपी रेघ

मराठीतले 'नकाशा' आणि 'नक्षी' हे दोन शब्द एकाच अरबी मुळाचे, 'नक्श'चे. 'हद्द'ही अरबीच. फारसीच्या वाटेने हे शब्द दख्खनच्या दफ्तरांत आले आणि शेताच्या बांधापासून तांब्याच्या भांड्यापर्यंत असे मुरले की आज ते कुणाला पाहुणे वाटत नाहीत. माझ्या मामूंनी उभे आयुष्य नकाशात हद्द आखून तिच्या आत नक्षी भरण्यात घालवले. त्यांच्या धंद्यात त्याला हॅचिंग म्हणत.

मामू ओझरचे. मिग-२१ विमाने भारतात बांधण्यासाठी १९६३ मध्ये एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही सरकारी कंपनी निघाली आणि १ ऑक्टोबर १९६४ रोजी बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टशी एक होऊन तिची हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी वाटणी ठरली. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि १९६३ मध्ये ते नाशिकमधूनच लोकसभेवर बिनविरोध गेले होते. ओझरच का, असे विचारले की जुने नाशिककर एवढेच सांगतात आणि हसतात. बाणगंगेकाठच्या गावाला त्यामुळे 'ओझर मिग' हे दुसरे नाव मिळाले.

विमान येण्याआधी येतात त्याची ड्रॉइंग. मिगची ड्रॉइंग सोव्हिएत संघातून, रशियन भाषेत आली. अक्षरांना दुभाष्या लागे, रेघांना लागत नसे. वस्तू करवतीने मधोमध कापली असे समजून काढलेले चित्र म्हणजे सेक्शन. करवत जिथे धातूतून गेली तिथे ४५ अंशांत बारीक तिरप्या रेघा भरायच्या, जिथे पोकळी तिथे कागद कोरा. शेजारचा भाग वेगळा असेल तर त्याच्या रेघा उलट्या बाजूला. पत्रा फार पातळ असला तर रेघांना जागाच नसते, म्हणून तो सरळ काळा भरायचा. बोल्ट, रिव्हेट, शाफ्ट लांबीत कापलेले दिसले तरी त्यांच्यात रेघ नाही. सोव्हिएत मानकात धातूला तिरपी रेघ आणि अधातूला आडवी-तिडवी जाळी. मॉस्को असो की नाशिक, तिरप्या रेघेचा अर्थ एकच: इथे धातू आहे.

मामू कारखान्यात नव्हते. आयटीआयमधून ड्राफ्ट्समन होऊन ते नाशिकच्या एका लहान वर्कशॉपमध्ये लागले. टी-स्क्वेअर, गुण्या, शाईचे पेन आणि ट्रेसिंग पेपर. दोन रेघांतले अंतर मोजायचे नाही, डोळ्यानेच राखायचे. एक रेघ चुकली की ब्लेडने शाई खरवडायची, आणि खरवडताना कागद फाटला तर सगळे पुन्हा. कामाच्या दिवसांत ते नेलकटरसुद्धा हातात घेत नसत, बोट दुखावेल म्हणून. मामी याची खूप चेष्टा करायच्या.

मग कॉम्प्युटर आला. ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर १९८२ चे, पण त्यात सुरुवातीला हॅच भरण्यासाठी हद्दीची एकेक रेघ निवडून द्यावी लागे. १९९२ च्या बाराव्या आवृत्तीत सोय झाली: आकाराच्या आत कुठेही एक क्लिक करा. कॉम्प्युटर त्या बिंदूपासून जवळची रेघ शोधतो, तिच्या कडेकडेने चालत जातो आणि निघाला तिथे परत पोहोचला तर आतला भाग भरतो. पोहोचला नाही तर हद्द सापडली नाही म्हणून सांगतो. मामूंचे अर्ध्या दिवसाचे काम दोन सेकंदांवर आले. पन्नाशीच्या आसपास ते क्लासला बसले, आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांबरोबर.

घोटाळा झाला तो हद्द सापडल्यामुळे. बिडाचे हाउसिंग आणि त्यात बसणारे गनमेटलचे बुश असे ते ड्रॉइंग होते. दोघांमधल्या रेघेत केसाएवढी फट राहिली होती, पडद्यावर दिसणारही नाही इतकी. बाहेरची हद्द बंद होती, त्यामुळे कॉम्प्युटरने तक्रार न करता दोन्ही भाग एकाच तिरप्या रेघांनी भरून टाकले. सुट्या भागांची यादी वेगळ्या कागदावर होती आणि ती शॉपमध्ये पोहोचलीच नाही. टर्नरने रेघ वाचली, म्हणजे नीट वाचली, आणि अख्खा भाग बिडाचा एकसंध बनवला. पूर्ण लॉट भंगारात गेला. मामूंचा तीन महिन्यांचा पगार कापला गेला. टर्नरला कुणी काही बोलले नाही, ते बरोबरच होते.

हाताने काढताना ही चूक होऊ शकली नसती, असे मामू म्हणत. हात बुशापाशी येऊन थांबतो, गुण्या उलटा करतो. मला यात निम्मेच तथ्य वाटते. शाईच्या काळातही भंगार निघतच होते.

दहाव्या शतकात बगदादला अबुल वफा अल-बूझजानी (९४०–९९८) नावाचे गणिती होते. कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर त्यांनी एक पुस्तकच लिहिले. तीन चौरस कापून जोडून एक चौरस करायचा, या प्रश्नावर कारागीर आणि गणिती यांची गाठ घालून ते दोघांचेही दोष सांगतात. कारागिराची जोडणी डोळ्याला बरोबर दिसते पण सिद्धतेत टिकत नाही, आणि गणित्याला सिद्धता येते पण कापता येत नाही. हे वाचताना मला ते बुश आठवले. मामूंना वाचून दाखवले तर त्यांनी विचारले, "मग चौरस शेवटी केला कुणी?"

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने तिथूनच उड्डाण केले. त्याआधी तीनच आठवडे, २६ सप्टेंबरला, हवाई दलाने मिग-२१ निवृत्त केले होते. तेजसच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कंपोझिटचा आहे, म्हणजे कार्बन तंतूंचे थरावर थर. प्रत्येक थराला स्वतःची हद्द असते आणि तंतूंची दिशाही, कुठे शून्य, कुठे ४५, कुठे ९० अंश. मिगच्या ड्रॉइंगमध्ये तिरपी रेघ ही नुसती खूण होती. कापलेल्या ॲल्युमिनियमच्या आत खऱ्या रेघा नव्हत्या. इथे मात्र कागदावरच्या ४५ अंशांच्या जागी खरोखरच ४५ अंशांत तंतू असतो, आणि तो चुकला तर पंखाची ताकद चुकते.

हे मी मामूंना सांगितले तेव्हा त्यांची दृष्टी अधू झालेली होती. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तळहात टेबलावर टेकवला, दुसरा त्याच्यावर तिरपा ठेवला आणि विचारले, "आणि शेजारचा थर उलट्या बाजूला?"

बहुतेक वेळा हो, मी म्हणालो.