वेदनाशामक औषधांचे व्यसन आणि माजी सैनिक

अफूवर्गीय वेदनाशामके डॉक्टरांच्या चिठ्ठीने सुरू होतात. काही रुग्णांच्या बाबतीत मात्र चिठ्ठीची मुदत संपल्यावरही ती सुटत नाहीत. गुडघा, पाठ किंवा जुन्या जखमेचे दुखणे घेऊन निवृत्त होणाऱ्या सैनिकाला हा धोका विशेष असतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या शासकीय आरोग्यसेवेतील रुग्णांमध्ये अपघाती विषबाधेने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या जवळपास दुप्पट असल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. २०१३ पासून तेथे या औषधांच्या वापरावर विशेष देखरेख सुरू झाली.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनवर इतकी बंधने आली, की कर्करोगाच्या रुग्णांनाही ते मिळणे दुरापास्त झाले. ट्रामाडॉल मात्र एप्रिल २०१८ पर्यंत या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०१९ च्या सर्वेक्षण अहवालानुसार देशातील सुमारे ०.९६ टक्के लोक अफूवर्गीय औषधांचे सेवन करीत होते.

चेन्नईत टॅपेन्टाडॉल या वेदनाशामकाच्या गोळ्यांचे अवैध साठे पोलिसांनी अलीकडच्या काळात वारंवार जप्त केले आहेत. व्यसनमुक्ती उपचारांची परंपराही याच शहरात जुनी आहे. पतीच्या मद्यासक्तीचे दुःख सोसलेल्या शांती रंगनाथन यांनी त्यांच्या निधनानंतर १९८० मध्ये टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठान स्थापन केले. प्रतिष्ठानचे रुग्णालय अडयार परिसरातील इंदिरानगरमध्ये असून, रुग्णाबरोबर कुटुंबीयांचे समुपदेशन हा तेथील उपचारांचा महत्त्वाचा भाग आहे.

निवृत्त जवानाच्या घरी रमच्या बाटलीकडे साऱ्यांचे लक्ष जाते, गोळ्यांच्या पाकिटाकडे सहसा जात नाही. त्यातच वेदना बोलून न दाखवण्याची शिस्त अंगी मुरलेली असते. शरीराला औषधाची सवय झाली की तोच परिणाम साधण्यासाठी मात्रा वाढवावी लागते. औषध थांबवताच जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, जुलाब, निद्रानाश आणि अंगदुखी सुरू होते. ही अंगदुखी म्हणजे मूळची व्याधीच उलटली, असे समजून रुग्ण पुन्हा गोळी घेतो. ट्रामाडॉलच्या अतिमात्रेने झटकेही येऊ शकतात. अशा औषधासोबत मद्य किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यास श्वसन मंदावून मृत्यू ओढवण्याची शक्यता असते.

गोळ्या एकाएकी बंद करणे हा उपाय नव्हे. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध देतात. मूळ दुखण्यावर व्यायामोपचार व अन्य औषधे चालू ठेवावी लागतात. माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना कार्यरत आहे. व्यसनमुक्तीविषयीची माहिती १४४४६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर मिळते.