रिद्धपूरची विहीर आणि 'स्वयंपूर्ण' गाव

बारा बलुतेदारांचे जुने गाव सुखी, स्वयंपूर्ण होते, असे आजही सांगितले जाते. मग रिद्धपूरचे काय? म्हाइंभटांच्या तेराव्या शतकातील गोविंदप्रभुचरित्रात मातंग पाण्यासाठी विनवणी करतात आणि प्रभू त्यांच्या विहिरीची सोय करतात, अशी लीळा आहे. म्हणजे गावात विहिरी असूनही मातंग तहानलेलेच!

मांगाने वळलेला दोर सवर्णांच्या विहिरीत उतरे. मांग मात्र काठावरही चालत नसे. याला व्यवसाय म्हणायचे? व्यवसायात भाव ठरवता येतो, काम नाकारता येते. बलुत्यात जन्मच काम ठरवी आणि मोबदला पाटलाच्या खळ्यावर ठरे.

म्हणूनच बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. 1948 मध्ये संविधान सभेतही त्यांनी खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानले. गावगाड्याचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी ही विहीर पाहावी.