चित्रपुस्तकातील महाराष्ट्र आणि झाशीचा खंडेराव दरवाजा

नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी सुट्टीत गावाहून आणलेले एखादे चित्रपुस्तक असतेच. रायगड, जेजुरी, नाशिकचा गोदाकाठ अशी पाने मुले उलटतात, चित्रांखालच्या दोन ओळी अडखळत वाचतात आणि पुस्तक मिटून टाकतात. त्यांच्या लेखी महाराष्ट्र म्हणजे आंब्यांचा आणि आजीचा प्रांत. शाळा व सवंगडी यांचे जग निराळे. ही दोन जगे जोडली गेली नाहीत, तर मराठी ही केवळ सुट्टीची भाषा होऊन बसेल, ही भीती आम्हांस खोटी वाटत नाही.

झाशीत राहणाऱ्यांना यावरचा उपाय खंडेराव दरवाजापाशीच सापडतो. शहराच्या जुन्या तटाला जे दहा दरवाजे होते त्यांपैकी हा एक. जेजुरीचे पान पाहिलेले मूल हे नाव ऐकून थबकल्यावाचून राहत नाही. त्याच्या कुतूहलाचा धागा धरून मग इतिहास सांगावा.

येथील किल्ला मूळचा ओर्छ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये बांधलेला. पुढे छत्रसालाने थोरल्या बाजीरावास बुंदेलखंडातील मुलूख दिला आणि १७४२ मध्ये नारोशंकर झाशीचा सुभेदार झाला. त्याने किल्ला वाढविला. तो भाग शंकरगढ म्हणून ओळखला जातो. आता चित्रपुस्तकातील गोदाकाठचे पान उघडावे. तेथील १७४७ चे नारोशंकराचे देऊळ आणि त्याची प्रसिद्ध घंटा याच पुरुषाची! मालेगावचा भुईकोटही त्यानेच उभारला. पानावरचे देऊळ आणि रोज दिसणारा किल्ला एकाच हातचे आहेत, हे कळल्यावर ते चित्र परके राहत नाही.

नेवाळकरांचे तसेच. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील कोट, जहागीर खानदेशात पारोळ्यास, आणि कर्तृत्वाची भूमी झाशी. १८५८ च्या वेढ्यात शहरात अडकलेले विष्णुभट गोडसे हे कुलाबा प्रांतातील वरसईचे भिक्षुक. त्यांनी पाहिलेली झाशी 'माझा प्रवास' या पुस्तकात मराठीतच उतरली आणि १९०७ मध्ये छापून निघाली. आपण मुलांना महाराष्ट्राची चित्रे झाशीत दाखवितो. त्यांनी झाशीचे चित्र महाराष्ट्रास दाखविले.

मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. 'हे सारे आपलेच होते' असा अभिमान मुलांच्या मनात भरू नये. मराठे येथे सत्ताधारी म्हणून आले, हे त्यांना सांगावे. राणीच्या तोफांवर गुलाम गौस खान होता, आणि कोरी समाजातील झलकारीबाईचे नाव झाशी आजही आदराने घेते, हेही सांगावे. शेजारच्या बुंदेली मुलाचा वाटा ज्यात नाही, तो झाशीचा इतिहास अपुराच.

तेव्हा पुस्तक एकट्या मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. रविवारी एक पान घ्यावे, त्याचा या शहराशी दुवा शोधावा, आणि तो घरच्या भाषेत सांगावा. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची सीमा नकाशावर निश्चित झाली. मुलांच्या मनातील महाराष्ट्राची सीमा मात्र आपल्या बोलण्यावरच ठरणार आहे.