क्वीन ऑफ नथिंग, द

अमेरिकन लेखिका हॉली ब्लॅक (जन्म १९७१) यांची इंग्रजी कादंबरी. ‘द फोक ऑफ द एअर’ या कादंबरीत्रयीचा हा तिसरा व शेवटचा भाग. आधीचे दोन भाग ‘द क्रुएल प्रिन्स’ (जानेवारी २०१८) आणि ‘द विकेड किंग’ (जानेवारी २०१९). तिसरा भाग २०२० च्या आरंभी येणार असे जाहीर झाले होते, पण लिटल, ब्राऊन या प्रकाशनसंस्थेने तो अलीकडे ओढून १९ नोव्हेंबर २०१९ रोजीच बाजारात आणला. त्यामुळे दुसरा आणि तिसरा भाग एकाच वर्षात वाचकांच्या हाती पडले. तिन्ही पुस्तके किशोर व युवा वाचकांसाठी म्हणून प्रसिद्ध झाली असली, तरी त्यांचा चाहतावर्ग त्या वयापुरता राहिलेला नाही.

त्रयीची कथा ‘फेअरीं’च्या राज्यात घडते. मराठीत ‘फेअरी’ला परी म्हणायची सवय आहे, आणि वाचकाची पहिली फसगत तिथेच होते. परी हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला; येताना त्याने पंख आणि सौंदर्य बरोबर आणले. ब्लॅक यांच्या कथेतली मंडळी स्कॉटिश आणि आयरिश लोककथांच्या कुळातली आहेत. कुणाला शिंगे, कुणाला शेपूट, कुणाला बकऱ्याचे खूर. नायिकेचा पालक असलेला सेनापती ‘रेडकॅप’ जातीचा, म्हणजे मारलेल्या शत्रूच्या रक्तात टोपी भिजवणारा. या मंडळींचे नाव उघड घेऊ नये म्हणून तिकडची माणसे त्यांना नुसते ‘लोक’ किंवा ‘भले शेजारी’ म्हणत. रात्रीच्या वेळी सापाला ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणण्यातला हा प्रकार. त्रयीच्या नावातला ‘फोक’ तो हाच. त्यांच्या राज्याचे एल्फहेम हे नावही लेखिकेने हवेतून काढलेले नाही. १५७६ मध्ये चेटकाच्या आरोपाखाली ज्या बेसी डनलॉपवर स्कॉटलंडमध्ये खटला चालला, तिच्या जबानीत एल्फेमच्या दरबाराचा उल्लेख आहे.

कथासूत्र : ज्यूड दुआर्ते सात वर्षांची असताना मॅडॉक हा सेनापती तिच्या आईवडिलांना ठार मारतो आणि ज्यूड, तिची जुळी बहीण टॅरिन आणि थोरली विव्हिएन या तिघींना एल्फहेमला घेऊन जाऊन वाढवतो. विव्हिएन ही त्याचीच मुलगी. पहिल्या भागात ज्यूड, ज्याने तिचा सतत छळ केला त्या धाकट्या राजपुत्राला, कार्डनला, एक वर्ष आणि एक दिवसाच्या वचनात अडकवून गादीवर बसवते. दुसऱ्या भागात ती त्याची कारभारी म्हणून सत्ता राबवते. त्याच भागाच्या शेवटी कार्डन तिच्याशी गुपचूप लग्न करतो आणि लगेच तिला माणसांच्या जगात हद्दपार करतो. तिसरा भाग सुरू होतो तेव्हा ती मेन राज्यात विव्हिएनच्या घरी राहते आहे आणि तिथे लपून राहणाऱ्या ‘लोकां’ची बारीकसारीक, बहुधा मारामारीची कामे करून चार पैसे मिळवते आहे. ती राणी आहे, पण हे कुणालाच ठाऊक नाही आणि एल्फहेममध्ये पाऊल ठेवायचीही तिला बंदी. पुस्तकाचे नाव यावरून.

नवऱ्याचा खून करून बसलेली टॅरिन तिच्याकडे येते. चौकशीत तिच्यावर मोहिनी घालून सत्य वदवले जाणार. ज्यूडवर मोहिनी चालत नाही, म्हणून टॅरिन बनून ज्यूड दरबारात उभी राहते. कार्डन तिला ओळखतो. मॅडॉक मात्र ओळखत नाही. टॅरिन समजून तो तिला उत्तरेतल्या आपल्या छावणीवर उचलून नेतो. ज्याने तिला तलवार धरायला शिकवली त्यालाच ती ओळखू येऊ नये, ही या भागातली खरी बोचणारी गोष्ट आहे. पुढे युद्धाची तयारी, वाटाघाटी, शापित मुकुट. कार्डन तो मुकुट मोडतो आणि एका अजस्र सर्पात बदलतो. तो जिथे सरपटेल तिथली जमीन काळी पडते.

शब्दांचा खेळ : त्रयीच्या जगाचे नियम जुनेच आहेत. ‘लोकां’ना लोखंड सोसत नाही, मीठ आणि रोवनची फळे त्यांच्या जादूवर उतारा ठरतात. सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे त्यांना खोटे बोलता येत नाही. याचा अर्थ ते सरळ बोलतात असा मुळीच नव्हे. ‘नरो वा कुंजरो वा’ हा एल्फहेममधला रोजचा व्यवहार आहे. उलट माणसाला खोटे बोलता येते, आणि शरीराने दुबळ्या ज्यूडचे तेच मोठे शस्त्र. या नियमाचा सर्वांत देखणा उपयोग हद्दपारीच्या हुकुमात झाला आहे. राजमुकुटाची माफी मिळेपर्यंत ज्यूडने परतायचे नाही, असा तो हुकूम. पण ती राणी आहे, म्हणजे राजमुकुटात तीही आलीच. तिने स्वतःलाच माफ केले की काम झाले! दोन भागांमधल्या दहा महिन्यांत वाचक या वाक्याचा कीस काढत होते, आणि कार्डनला वाटत होते की ती केव्हाच उलगडा करून परतेल. त्याने तिला पत्रेही लिहिली. ती त्याच्या आईने मधेच अडवली. आयुष्यभर इतरांचे शब्द तपासून घेणारी मुलगी हा एक हुकूम तेवढा शब्दशः खरा मानून बसते, कारण तो तिला दुखवतो. प्रेमकथा म्हणून पुस्तकाचे सारे बळ या एका विसंगतीत आहे.

सर्पाचा प्रसंग : कार्डनच्या जन्माच्या वेळचे भाकीत पुस्तकाच्या आरंभीच येते. हा मुलगा मुकुटाचा नाश करील आणि त्याच्या सांडलेल्या रक्तातूनच थोर राज्यकर्ता उभा राहील, असे ते. ‘टॅम लिन’ या स्कॉटिश पोवाड्यात नायिका साप, पशू अशी रूपे बदलणाऱ्या प्रियकराला मिठीतून सुटू देत नाही, आणि शेवटी तो माणूस होतो. ब्लॅक यांनी ही मिठीच काढून टाकली आहे. ज्यूडपुढे एक जादूचा लगाम येतो. तो चढवला की सर्प कायमचा ताब्यात, आणि त्याच्या बळावर राज्यही. ज्यूड लगाम नाकारते, सर्पाचे मुंडके उडवते, आणि मेलेल्या सर्पाच्या देहातून कार्डन जिवंत बाहेर येतो. पंचतंत्रातला साप होऊन जन्मलेला ब्राह्मणपुत्र आणि त्याची जाळून टाकलेली कात मराठी वाचकाला इथे आठवेल. फरक असा की तिथे बाप कात जाळतो ती मुलगा माणूस राहावा म्हणून. ज्यूडला मात्र आपण नवऱ्याला मारतो आहोत असेच वाटत असते.

गुणदोष : निवेदन पहिल्या दोन भागांप्रमाणेच ज्यूडच्या तोंडून आणि वर्तमानकाळात. सुमारे तीनशे पानांचा हा भाग त्रयीत सर्वांत आटोपशीर आहे, आणि ते काही ठिकाणी नडते. मॅडॉकच्या छावणीपर्यंतचा भाग सावकाश उलगडतो. त्यानंतर शाप, सर्प, तह, शिक्षा हे सारे इतक्या झपाट्याने उरकले जाते की काही उपपात्रांना दारातूनच निरोप दिल्यासारखे वाटते. पहिल्या भागातला क्रूर कार्डन इथे फार सौम्य झाला आहे. बापाची उपेक्षा आणि थोरल्या भावाचा मार ही कारणे लेखिका देते. ती पटतात, पण त्याने केलेल्या छळाचा हिशेब पूर्ण चुकता होत नाही. मॅडॉकचा शेवट मात्र उत्तम साधला आहे. मृत्युदंड न देता ज्यूड त्याला शस्त्रबंदीच्या अटीवर माणसांच्या जगात धाडते. ज्या जगातून त्याने तिला उचलून नेले, तेच आता त्याची कैद.

उत्तरकथा : कार्डनच्या बालपणाविषयीचे ‘हाऊ द किंग ऑफ एल्फहेम लर्न्ड टू हेट स्टोरीज’ हे रोव्हिना काय यांच्या चित्रांचे पुस्तक २०२० मध्ये आले. ‘द स्टोलन एअर’ (२०२३) व ‘द प्रिझनर्स थ्रोन’ (२०२४) ही जोडकादंबरी आठ वर्षांनंतरची कथा सांगते. तिचे नायक-नायिका म्हणजे ज्यूडचा मानलेला भाऊ ओक आणि शत्रुपक्षाच्या दरबारातली सुरेन. सुरेनच्या तोंडावर लहानपणी तिच्याच आईबापांनी लगाम चढवला होता. ज्यूडने नाकारलेला तो लगाम दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी ओकच्या तोंडावर आहे, आणि चढवणारी सुरेन आहे.